लो फोल्डमधला शनिवार

शनिवारी थेल्मा रेस्ट्रिकला कुणी हाक मारत नसे. स्कारबेक गावात हे लहानथोरांना ठाऊक होतं. पोस्टमन तिची पत्रं दारातल्या दगडाखाली सरकवून निघून जाई. तिचा नवरा क्लिफर्ड स्वतःची अंडी स्वतः तळून घेई आणि तवाही स्वतःच घासून ठेवी. कारण शनिवारी सकाळी दहाला एका आठवड्याचे पाहुणे जायचे आणि दुपारी चारला पुढच्या आठवड्याचे यायचे. मधल्या सहा तासांत डोंगरउतारावरची सहा घरं झाडून-पुसून, चादरी-टॉवेल बदलून, शेगडीतली राख काढून, टेबलावर ताजा केक ठेवून नव्यासारखी उभी करायची असत. ही सुट्टीची घरं शहरातल्या लोकांच्या मालकीची होती. पण त्यांच्या किल्ल्या थेल्माच्या कमरेला असत, आणि गावाच्या लेखी ज्याच्याकडे किल्ली त्याचं घर.

ती अंगाने लहानखुरी होती. पण एकदा चालायला लागली की क्लिफर्डच्या मेंढ्याही वाट सोडत. तिच्या हाताखाली ड्युलसी नावाची शेजारीण काम करी. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, हसायला लागली की खालच्या पुलापर्यंत ऐकू जाणारी.

"थेल्मा, पलंगाखाली कोण वाकून बघतंय गं?" ड्युलसी दर शनिवारी विचारी.

"मी बघते."

"तू पाहुणी आहेस का?"

"नाही. म्हणूनच मला धूळ दिसते. पाहुण्यांना फक्त डोंगर दिसतात. चल, झाडू घाल."

या सहा घरांतलं सगळ्यात वरचं, ओढ्याच्या अगदी काठावरचं घर म्हणजे लो फोल्ड. थेल्माचा जन्म त्याच घरात, वरच्या मजल्यावरच्या, पुढच्या खिडकीच्या खोलीत झालेला. तिचे वडील जमीनदाराकडे मेंढ्या राखायला होते आणि नोकरीबरोबर घर मिळालेलं होतं. वडील थकले तशी नोकरी गेली, नोकरीबरोबर घर गेलं. आईबाप गावातल्या सरकारी घरात उतरून आले. लो फोल्ड विकत घेतलं लीड्सच्या गॅस्कॉइन नावाच्या दातांच्या डॉक्टरने. त्याने गुरांच्या गोठ्याचं स्वयंपाकघर केलं, वर न्हाणीघर बसवलं, आणि घर आठवड्याच्या बोलीने भाड्याने द्यायला काढलं. देखभालीला गावातलं कुणी हवं होतं. सव्वीस वर्षांची थेल्मा वर गेली आणि "मी करीन" म्हणाली.

तिची आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी बोलली ती एवढंच, "ज्या घरात मी तुला जन्म दिला, तिथे परक्यांच्या चादरी धुणार तू?"

"तू तरी कोणाच्या घरात धूत होतीस?" थेल्मा म्हणाली. "घर तेव्हा जमीनदाराचं, आता दातवाल्याचं. आपलं तेव्हाही नव्हतं. मी नाही केलं तर दुसरी कुणी करील, आणि ती कोपरे सोडील."

पुढे एका हिवाळ्यात, घर रिकामं असताना, थेल्मा आईला हाताला धरून वर घेऊन गेली. म्हातारीने खोल्याखोल्यांतून फेरी मारली, गोठ्यात आलेल्या पांढऱ्याशुभ्र सिंककडे बराच वेळ पाहिलं, आणि निघताना म्हणाली, "धुराडं आता धूर बरा ओढतंय." त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही.

अशी चाळीस वर्षं होत आली. एका किल्लीच्या सहा झाल्या. गॅस्कॉइन गेला, त्याचा मुलगा एड्रियन मालक झाला. पाहुणेही नाना परीचे येऊन गेले. कुणी न्हाणीच्या टबात मासे सोडून ठेवले, कुणी भांडून अर्ध्या आठवड्यात वेगवेगळ्या गाड्यांनी गेले, एका बाईने ओढ्याचा आवाज रात्री बंद करता येईल का म्हणून विचारलं. थेल्मा कुणाला फारशी लक्षात ठेवत नसे. ट्रँटर जोडप्याची गोष्ट मात्र वेगळी.

लिओनार्ड ट्रँटर हे कॉव्हेंट्रीला बसखात्यात तपासनीस होते. १९८० पासून दर वर्षी जूनचा दुसरा आठवडा ते आणि त्यांची बायको म्युरिअल लो फोल्डमध्ये काढत. ट्रँटर उंच, ताठ, मिशा कातरलेल्या. शनिवारी पावणेदहाच्या ठोक्याला सामान गाडीत, चादरी घडी करून पलंगाच्या पायाशी, कप धुऊन उपडे. थेल्मा वर यायची तेव्हा दोघं दारात उभी असायची, निरोप घ्यायला.

"मिसेस रेस्ट्रिक, घर तुमच्या ताब्यात."

"मिस्टर ट्रँटर, पुढच्या जूनमध्ये तुमच्या."

एवढंच बोलणं, तीस वर्षांत शब्द बदलले नव्हते. म्युरिअल मात्र गप्पिष्ट. ती थेल्मासाठी दर वर्षी विणलेलं काहीतरी आणायची आणि थेल्माच्या फळांच्या केकमध्ये नक्की काय असतं म्हणून खोदून खोदून विचारायची. थेल्माने तिला ते कधी सांगितलं नाही. २००८ च्या हिवाळ्यात म्युरिअल गेल्याचं पत्र आलं तेव्हा थेल्माने केकची कृती कागदावर लिहिली, पाकिटात घातली, आणि मग आता ती पाठवायची कुणाला हे लक्षात येऊन पाकीट तसंच कपाटात ठेवून दिलं.

पुढच्या जूनमध्ये ट्रँटर एकटेच आले. वागणं तेच, वेळ तीच. फक्त निघताना ते "घर तुमच्या ताब्यात" म्हणाले आणि थोडं थांबून पुन्हा एकदा म्हणाले. थेल्माला वाटलं, दुःख आहे, होतं असं.

त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट.

त्या शनिवारी थेल्मा आणि ड्युलसी सव्वादहाला लो फोल्डच्या वाटेला लागल्या. बाहेरच्या दगडी गडग्यापाशी ट्रँटर यांची हिरवी गाडी अजून उभी होती. दारात कुणी नव्हतं. थेल्माची पावलं आपोआप भरभर पडू लागली. म्हातारा माणूस, एकटा, तिच्या मनात नको ते आलं. तिने दार वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं, मग किल्ली लावून आत शिरली.

ट्रँटर स्वयंपाकघरात होते. अंगात झोपेचे कपडे, वर लोकरीचं जाकीट, त्याची बटणं वरखाली लागलेली. टेबलावर दोन ताटल्या, दोन कप मांडलेले. ते ब्रेड भाजत होते आणि तो जळून काळा झाला होता.

"मिस्टर ट्रँटर, बरं आहे ना तुम्हाला?"

ते वळले. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती.

"कोण तुम्ही? दुसऱ्याच्या घरात असं किल्ली लावून शिरता?"

"मी मिसेस रेस्ट्रिक. आज शनिवार. तुमचा आठवडा आज संपला."

"कसला आठवडा? बाई, हे माझं घर आहे. माझी बायको दूध आणायला खाली गेलीय, आत्ता येईल. तुम्ही बाहेर व्हा, नाहीतर मी पोलिसांना बोलावतो."

'हे माझं घर आहे.' थेल्माच्या जिभेवर एक वाक्य आलं. तुम्ही जिथे झोपलात त्या खोलीत माझा जन्म झालाय, हे ते वाक्य. पण तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. चिमटा त्यांनी छातीशी गच्च धरला होता. हा माणूस रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. तिने ते वाक्य गिळलं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "दार वाजवून थांबायला हवं होतं." गॅसची शेगडी हळूच बंद करून ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

ड्युलसी खिडकीतून सगळं बघत होती. तिचं हसू कधीच मावळलं होतं. "अगं, डोकं फिरलंय त्यांचं! डॉक्टरला फोन कर. नाहीतर पोलिसांना. चारला लोक यायचेत आणि हे आतून कडी लावून बसले म्हणजे?"

"पोलिसांनी काय करायचं? दंडाला धरून न्यायचं? तीस वर्षं पावणेदहाला दारात उभं राहिलेल्या माणसाला?"

"मग काय करणार आहेस?"

"पाच मिनिटं गप्प बस. मग सांगते."

ती गडग्यावर टेकली. वरच्या कुरणात टिटव्या ओरडत होत्या. पाच मिनिटांनी उठली तेव्हा तिचा चेहरा नेहमीच्या शनिवारसारखा झाला होता. डोंगरात मोबाइल लागत नाही, म्हणून खालच्या घरातल्या फोनवरून तिने आधी ट्रँटरांच्या मुलीला गाठलं. तिचं नाव हीदर, नंबर थेल्माच्या वहीत म्युरिअलने स्वतः लिहून ठेवलेला होता.

सगळं ऐकून हीदर रडायला लागली. "मला थोडं कळत होतं, मिसेस रेस्ट्रिक. वार विसरतात, किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवतात. पण जूनचा दुसरा आठवडा मात्र बरोबर लक्षात होता. बॅग स्वतः भरली. मला वाटलं, तिथे गेल्यावर त्यांना बरं वाटेल."

"आणि एवढ्या लांब गाडी चालवत एकटं पाठवलंस?"

पलीकडे हुंदके वाढले.

"बरं, रडू नकोस पोरी. झालं ते झालं. गाडी काढ आणि सावकाश ये. तू येईस्तोवर ते माझ्याकडे आहेत. ते लो फोल्डमधून निघतील ते मान ताठ ठेवून, एवढं मी बघते."

मग तिने क्लिफर्डला फोन लावला. शनिवारी बायकोचा फोन, तो चांगलाच दचकला. "थेल, कोण गेलं?"

"कुणी नाही. वर ये आणि मिस्टर ट्रँटरांची गाडी आपल्या अंगणात नेऊन लाव. गाडीची किल्ली मागच्या दाराआडच्या खिळ्याला असते. गाजावाजा करू नकोस."

ड्युलसीला तिने बाकीच्या घरांकडे पाठवलं. "आज सगळी घरं तुझी. पलंगाखाली बघायचं."

"एकटीने? पाच घरं?"

"धाकट्या बहिणीला बोलाव. ती नाहीतरी शनिवारी आरशासमोर बसलेली असते."

थेल्माने एप्रन नीट केला, धुतलेल्या चादरींचा गठ्ठा हातावर घेतला आणि पुन्हा लो फोल्डचं दार वाजवलं. या वेळी किल्ली लावली नाही. दार उघडेपर्यंत उभी राहिली.

"सुप्रभात, मिस्टर ट्रँटर. मी खालच्या गावातली. तुमच्याकडे आज चारला पाहुणे येताहेत. आईबाप आणि दोन मुली, संडरलँडहून. घर लावायला हात देऊ का?"

ट्रँटर यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाहुणे आणि वेळ हे दोन शब्द त्यांच्या आत कुठेतरी जाऊन बसले असावेत. त्यांचे खांदे सरळ झाले.

"चारला? आणि मी हा असा, झोपेच्या कपड्यांत? म्युरिअल काही बोलली नाही. म्युरिअल कुठेय?"

"ती आत्ता इथे नाही," थेल्मा म्हणाली. "म्हणून मी आले."

पुढे ही हकीगत सांगताना ती इथे हटकून थांबे आणि म्हणे, "लक्षात घ्या, मी त्यांना एक शब्द खोटा सांगितला नाही. पाहुणे खरंच येणार होते. घर खरंच लावायचं होतं. म्युरिअल खरंच तिथे नव्हती."

तोंड धुऊन, कपडे बदलून ट्रँटर खाली आले ते बसखात्यातले तपासनीसच. दोघांनी मिळून पलंग लावले. चादरीचे कोपरे ते असे दुमडत की एक सुरकुती दिसू नये. तरुणपणी सैन्यात शिकलेलं, डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते.

"तुम्ही ती बाजू सैल सोडलीत," ते मध्येच म्हणाले.

चाळीस वर्षांत थेल्माला हे कुणी म्हटलं नव्हतं. तिने पाहिलं तर बाजू खरंच सैल होती. "बरोबर आहे तुमचं," म्हणून तिने ती पुन्हा घट्ट केली.

त्यांनी राख काढली, खिडक्या पुसल्या. थेल्माने त्यांचे कपडेही इतर आवराआवरीबरोबर घडी करून बॅगेत भरले आणि बॅग मागच्या दाराने क्लिफर्डच्या हाती दिली. मध्ये दोनदा ट्रँटरांनी म्युरिअलला हाक मारली. दोन्ही वेळा थेल्मा कामातून उठली नाही, नुसतं म्हणाली, "मी आहे." एकदा ते खिडकीशी उभे राहिले आणि ओढ्याकडे बघत कितीतरी वेळ हललेच नाहीत. तिने हातात फडकं दिलं तशी काच पुसायला लागले. दीडला दोघांनी उभ्याउभ्याच हॅमचे सँडविच खाल्ले. साडेतीनला थेल्माने टेबलावर केक ठेवला, शेजारी त्या भागातल्या रिवाजाप्रमाणे चीजचा तुकडा, आणि घर तयार झालं.

चारला पाच कमी असताना खालच्या वळणावर गाडीचा आवाज आला. "मी वाट दाखवून आणते, तुम्ही दारात थांबा," म्हणून थेल्मा तरातरा खाली गेली. गाडीत प्रुडो नावाचं तरुण जोडपं होतं, मागच्या सीटवर सात-आठ वर्षांच्या जुळ्या मुली आणि मध्ये कुत्रा. थेल्माने गाडीच्या खिडकीत डोकं घातलं.

"दारात एक गृहस्थ उभे आहेत. घर आपलं आहे असं त्यांना वाटतंय. तब्येत बरी नाही त्यांची. ते तुमचं स्वागत करतील, तेवढं करू द्या. मग मी त्यांना घेऊन जाते."

नवरा गोंधळला. "म्हणजे? आमचं बुकिंग तर—"

"गप रे," बायको म्हणाली. तिने थेल्माकडे पाहून मान हलवली. "माझ्या आजोबांचं असंच होतं. तुम्ही काळजी करू नका."

लिओनार्ड ट्रँटर दारात उभे होते, ताठ, केस पाण्याने चापून बसवलेले. त्यांनी प्रुडोंशी हात मिळवला, प्रवास कसा झाला ते विचारलं, वाटेतल्या रस्त्याच्या कामाबद्दल दोन शब्द नापसंतीचे बोलले. जुळ्यांपैकी एकीने मान वर करून विचारलं, "हे तुमचं घर आहे?"

आईने तिचा हात दाबला. पण ट्रँटर वाकले आणि गंभीरपणे म्हणाले, "हो. पण या आठवड्यात तुमचं. ओढ्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही. आणि वरच्या खोलीतली खिडकी उघडी ठेवून झोपायचं, पाण्याचा आवाज येतो."

किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने मिसेस प्रुडोला दिली. मग ते थेल्माकडे वळले आणि क्षणभर चेहऱ्यावर काहीच उरलं नाही. "आता मी कुठे जायचं?"

"माझ्याकडे, चहाला," थेल्मा म्हणाली आणि तिने हात पुढे केला. तीस वर्षांत दोघांनी एकमेकांचा हात धरलेला नव्हता. त्यांनी तो धरला. उतार अवघड होता, आणि आधार कोण कुणाला देतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

थेल्माच्या स्वयंपाकघरात क्लिफर्डने चहा करून ठेवला होता. तो मेंढ्यांचं बोले, ट्रँटर बसचं बोलत, आणि दोघांचं छान जमलं होतं. तेवढ्यात ट्रँटर बोलता बोलता थांबले. कप खाली ठेवला. आवाज बदललेला, जुना, ओळखीचा.

"मिसेस रेस्ट्रिक. ते घर माझं नाही ना?"

क्लिफर्ड खिडकीबाहेर बघायला लागला. थेल्मा त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"नाही, मिस्टर ट्रँटर."

"आणि म्युरिअल गेली."

"हो. दीड वर्ष झालं."

ते टेबलाच्या लाकडावर बोट फिरवत राहिले. "मी सकाळी तुम्हाला घरातून हाकललं का?"

"हाकललंत. पोलिसांना बोलावणार होतात." थेल्माने त्यांच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला. "माझा जन्म झालाय त्या घरात. वरच्या खोलीत. तरी ते माझंही नाही. म्हणजे आज दोन बिनघरवाल्यांनी मिळून ते लावलं आणि तिसऱ्यांना दिलं."

ट्रँटरांना हसू फुटलं. खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले ते. क्लिफर्डलाही हसू आवरेना. हीदर पाचच्या सुमारास घाबरीघुबरी होऊन दारात पोचली तेव्हा तिला आत तिघं म्हातारी हसताना दिसली, आणि ती तिथेच उंबरठ्यावर बसून रडली.

निघताना थेल्माने कपाटातून ते जुनं पाकीट काढलं आणि हीदरच्या हातात ठेवलं. "तुझ्या आईने तीस वर्षं मागितली. तू कर. बेदाणे रात्रभर चहात भिजवायचे, तेवढंच गुपित आहे."

सोमवारी एड्रियन गॅस्कॉइनचा फोन आला. त्याला कुठून तरी कळलं होतं.

"थेल्मा, अशा वेळी मला कळवायला हवं होतं. काही झालं असतं तर? पाहुण्यांनी तक्रार केली असती तर?"

"केली का?"

"नाही. उलट त्यांनी पुढच्या वर्षीचाही आठवडा मागितलाय."

"चारला घर तयार होतं?"

"होतं, पण—"

"मग एड्रियन, मला आता टॉवेल वाळत घालायचेत," थेल्मा म्हणाली आणि फोन ठेवला. तो चार वर्षांचा असताना लो फोल्डच्या पायरीवर तिने त्याच्या गुडघ्याला औषध लावलं होतं. त्याने हा विषय पुन्हा काढला नाही.

ट्रँटर पुन्हा डोंगरात आले नाहीत. हीदरने त्यांना आपल्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. ऑक्टोबरात पाहुण्यांची वर्दळ कमी झाली तशी थेल्मा क्लिफर्डला घेऊन आगगाडीने कॉव्हेंट्रीला गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. ट्रँटरांनी तिला ओळखलं नाही, पण खुर्ची पुढे केली, आणि प्रवास कसा झाला म्हणून विचारलं. तिघं तासभर बसली. तिने वरच्या कुरणातल्या टिटव्यांचं सांगितलं, ओढ्याला आलेल्या पाण्याचं सांगितलं, प्रुडोंच्या मुली गुडघ्याच्या वर गेल्या आणि भिजून आल्या तेही सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. "छान जागा दिसतेय," ते म्हणाले. "आम्ही एकदा यायला हवं."

"या की," थेल्मा म्हणाली.

पुढचे दोन हिवाळे ट्रँटरांनी पाहिले, तिसरा पाहिला नाही. थेल्माने त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत किल्ल्या सांभाळल्या. मग एका शुक्रवारी त्या कमरेच्या काढल्या आणि ड्युलसीच्या पुढ्यात टेबलावर ठेवल्या.

"आता शनिवारी तू करणार काय?" ड्युलसीने विचारलं.

"दारात खुर्ची टाकून बसणार," थेल्मा म्हणाली. "आणि तू कितीला वर जातेस ते बघणार."